शोकेसमधले रोबो आणि घर बघायला येणारे पाहुणे

वाचकाची अडचण

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातून एका वाचकाचं लांबलचक पत्र आलं आहे. वय ३७, खासगी कंपनीत हिशेबाचं काम. घरी आई-बाबा, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि लग्नाचा धाकटा भाऊ. त्यांना तीन नाद आहेत. पहिला गनप्ला, म्हणजे 'गंडम' या जपानी मालिकेतल्या रोबोंचे सुटे प्लास्टिकचे भाग जोडून मॉडेल उभं करणं. दुसरा जुन्या कॉमिक्सचा. सीताबर्डीच्या फुटपाथवरून शाळेत असल्यापासून घेतलेले नागराज आणि ध्रुव त्यात आहेत, आणि बाबांच्या ट्रंकेत सापडलेले वेताळाचे, म्हणजे 'फँटम'चे, काही मराठी अंकही आहेत. तिसरा नाद शनिवारचा: वरच्या खोलीत चार मित्रांबरोबर मध्यरात्रीपर्यंत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ.

मॉडेलं हॉलमधल्या काचेच्या शोकेसमध्ये आहेत. हॉलला पश्चिमेची खिडकी, त्यातच कूलर. पांढरे भाग पिवळे पडत चाललेत, म्हणून त्यांचा जीव हळहळतो. त्याच शोकेसच्या वरच्या फळीवर आजोबांनी करवून घेतलेला तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आहे. आई त्याला दरवर्षी नवी झूल शिवते.

पुढच्या महिन्यात भावासाठी मुलीकडची मंडळी घर बघायला येणार आहेत. आई म्हणाली, "पाहुणे यायच्या आत ते भुतं हलव तिथून. लोक म्हणतील, मोठाच असा आहे तर लहाना काय असेल!" त्याआधी शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, तेव्हा आईने "नातीची खेळणी आहेत" म्हणून वेळ मारून नेली. नात तिथेच उभी होती. ती म्हणाली, "माझी नाहीत, बाबांची आहेत. मला तर हात लावायची पण परवानगी नाही."

शनिवारी वरून फाशांचा आवाज येतो, त्यामुळे पोरं पैसे लावून खेळून राहिली असावीत अशी आईला शंका आहे. बाबा काही बोलत नाहीत. बायकोची हरकत नाही. मात्र तिला किंमत अर्धीच सांगितली जाते, पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर येतं आणि कुणी बघत नसताना स्कूटरच्या डिक्कीतून वर जातं. न उघडलेली वीसेक खोकी दिवाणात आहेत.

ते विचारतात: सगळं विकून मोकळा होऊ? पाहुण्यांपुरतं लपवू? की एकदाचं ठणकावून सांगू, की मी असाच आहे? शेवटी एक वाक्य आहे: "या घरात माझी आवड कुणालाच समजत नाही."

उत्तर

नमस्कार,

आधी त्या शोकेससमोरच उभे राहू. वरच्या फळीवर बैल, खालच्या फळ्यांवर रोबो. आईला बैल चालतो आणि रोबो चालत नाहीत, हा तुम्हाला अन्याय वाटतो. "तोही खेळणंच आहे ना?" असं तुम्ही विचारलंय. प्रश्न अगदी रास्त आहे. पण तो नीट उलगडला, तर त्यात तुमच्या बाजूचं जेवढं निघतं तेवढंच आईच्याही बाजूचं निघतं.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि लोक त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, देतात. भोसल्यांच्या काळापासूनची ही रीत. पण त्या बैलावर खरा जीव असतो तो बाप-काका मंडळींचा. बाजारात बैल निवडताना शिंगांचा बाक निरखणारे, चाकं डगमगतात का ते फरशीवर फिरवून बघणारे, घरी आणून ऑइलपेंटचा दुसरा हात मारणारे, आदल्या रात्री जागून बाशिंगाला बेगड लावणारे सगळे तिशी-चाळिशीतले असतात. सजावटीच्या स्पर्धा होतात, बक्षिसं लागतात, आणि निकालावरून मोठी माणसं एकमेकांशी अबोला धरतात. पोरगं दोरी धरून उभं असतं, त्याचं लक्ष बोजाऱ्यात मिळालेल्या चॉकलेटांवर.

या माणसांना "एवढा मोठा झाला तरी खेळतो" असं कुणी म्हणत नाही. आपल्या शहराला मोठ्या माणसाने खेळण्यावर जीव लावलेला चालतो, मनापासून चालतो. तेव्हा "आपल्याकडे लोकांना हे समजतच नाही" ही तुमची तक्रार मला पटत नाही.

मग बैल चालतो आणि रोबो का नाही? जुना आहे, आपला आहे, देवाधर्माचा आहे, हे आहेच. पण मला त्याहून मोठं कारण दिसतं. बैलाच्या कामात सगळं घर असतं. झूल आई शिवते, ओवाळायला आजी, फिरवायला पोरगं, बोजाऱ्याला शेजारी. तुमच्या घरातला बैल आजोबांनी करवून घेतला हे तुम्ही मला दोन ओळींत सांगू शकलात, कारण ती गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगितली होती. तुमच्या रोबोंबद्दल आईला काय माहीत आहे? डिक्कीतून काहीतरी वर गेलं, खोलीचं दार लागलं, आणि काही दिवसांनी काचेआड आणखी एक भूत उभं राहिलं. मधलं काम तिने कधी पाहिलेलंच नाही.

आणि ते काम पाहण्यासारखं आहे. ज्यांनी गनप्ला हे नावही ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी येतात आणि प्रत्येक चौकटीला वीस-तीस सुटे भाग बारीक दांड्यांनी चिकटलेले असतात. भाग थेट मुळाशी कापला तर प्लास्टिक ताणलं जातं आणि पांढरा डाग राहतो. म्हणून आधी थोडा खुंट ठेवून कापायचं, मग निपरची, म्हणजे छोट्या कटरची, सपाट बाजू लावून दुसरा काप घ्यायचा, मग बारीक पॉलिशपेपर फिरवायचा. नखाला खुंट लागला नाही की तो भाग झाला. असे शंभर-दोनशे भाग. सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे पॅनल लाइन. चिलखतावरच्या केसाएवढ्या खाचेत पातळ काळ्या रंगाचा एक थेंब टेकवला की तो खाचेतून आपोआप धावत जातो आणि रेघ आखल्यासारखी उमटते. क्षणभरापूर्वीचा प्लास्टिकचा हात लोखंडाचा दिसायला लागतो. झुलेला जरीची किनार शिवणाऱ्या बाईला हे समजणार नाही, असं मी मानायला तयार नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही करा: एक मॉडेल दार लावून न करता हॉलमध्ये करा. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसा. कुणाला बोलावू नका, समजावू नका. फक्त सगळ्यांच्या येण्याजाण्यात ते होऊ द्या. पॅनल लाइनचं काम मात्र रात्रीच्या जेवणानंतर काढा, त्या वेळी घरातले सगळे जवळपास असतात.

आईच्या "लहान मुलांची खेळणी" या शब्दांवर तुम्ही दोन पानं चिडून लिहिलंय. त्यावर एक खरी हकिगत सांगते, ती तुम्हाला माहीत असेलच, पण घरी कधी सांगितली नसेल. ही 'गंडम' मालिका १९७९ साली जपानी टीव्हीवर आली. प्रायोजक कंपनी लहान मुलांची खेळणी करणारी होती, आणि तिला तशीच भडक खेळणी विकायची होती. ती फारशी चालली नाहीत. ५२ भागांची ठरलेली मालिका ४३ भागांत गुंडाळली गेली. कारण बघणारे होते थोडे मोठे, शाळेच्या वरच्या वर्गांतले, कॉलेजातले. त्यांना खेळणं नको होतं, पडद्यावर दिसतो तसा हुबेहूब रोबो हवा होता. जुलै १९८० मध्ये बंदाई कंपनीने ३०० येनांचं पहिलं जोडायचं मॉडेल काढलं आणि त्याने वेड लावलं. माप होतं १/१४४. गोष्टीतला १८ मीटरचा रोबो त्या मापात साडेबारा सेंटिमीटरचा होतो. पोराच्या खेळण्याला कुणी माप विचारत नाही. मॉडेलला ते लागतं. हे एकदा बाबांना सांगा. आईला नंतर.

आता पत्रातल्या त्या वाक्यावर येते, जे तुम्ही गंमत म्हणून लिहिलंय आणि माझं मात्र तिथेच मन अडकलं. "मला तर हात लावायची पण परवानगी नाही."

काकूंसमोर तिने आजीची थाप उघडी पाडली याचं तुम्हाला हसू आलं. मलाही आलं. पण आठ वर्षांची मुलगी आपल्या बापाच्या आवडीबद्दल घरातलं सगळ्यात नेमकं वाक्य बोलली आहे, ते ऐका. या घरात तुमच्या आवडीजवळ येऊ बघणारं एक माणूस आहे. ते चार फूट उंचीचं आहे आणि त्याला तुम्ही काचेच्या बाहेर उभं केलंय. "कुणालाच समजत नाही" असं लिहिताना तुम्ही तिला मोजलंच नाहीत.

मला कळतं, की बारीक अँटेना मोडतात आणि त्या मोडल्या की जीव जातो. तिला तुमच्या महागड्या मॉडेलशी खेळायला द्या असं मी म्हणतच नाही. तिला तिचं स्वतःचं द्या. एंट्री ग्रेड नावाचा सोपा प्रकार मिळतो. त्याचे भाग हातानेच सुटतात, निपर लागत नाही, गोंद लागत नाही. ते तिने जोडावं, चुकीचा हात चुकीच्या खांद्याला लावावा, गुलाबी रंगवावा, त्यावर स्टिकर वाकडं लावावं. तुम्ही शेजारी बसून तुमचं काम करा आणि तिच्या कामाला हात लावू नका. परवानगी आता तिने द्यायची. ती दोन-तीन भाग जोडेल आणि उठून सायकल फिरवायला जाईल, तेही चालेल. आणि तिचं मॉडेल शोकेसमध्ये तुमच्या मॉडेलांच्या बरोबरीने ठेवा, मागे नाही.

पुढच्या वेळी आई "नातीची खेळणी आहेत" म्हणाली, तर निदान एकाच्या बाबतीत ते खरं असेल.

शनिवारच्या फाशांचं प्रकरण मला फार आवडलं. आईची बाजू आधी घेते. आपल्या घरांत फाशांची कीर्ती काय आहे? शकुनी, द्यूत, भरसभेतली द्रौपदी. आणि आपण तर दमयंतीच्या माहेरचे. विदर्भाच्या राजकन्येचं लग्न झालं आणि जावयाने भावाशी फासे खेळून राज्य घालवलं, दोघं रानोमाळ झाली. या मातीतल्या आईला मध्यरात्री वरच्या मजल्यावरून फासे पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ चार पुरुष "मेला, मेला!" म्हणून ओरडले, तर तिने काय समजावं? तिने खाली झोपून काळजी केली, वर येऊन तमाशा केला नाही, याबद्दल तिचे आभार माना.

तुम्ही तिला "आई, तुला नाही कळणार" म्हणालात. का नाही कळणार? १९७४ मध्ये अमेरिकेत निघालेला हा खेळ मुळात गोष्ट सांगायचा आहे. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. चालवणारा सांगतो, पडक्या किल्ल्याच्या दाराशी तुम्ही पोचलात, आत मशाल हलते आहे. दुसरा म्हणतो, मी भिंतीवरून चढून बघतो. जमलं का, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. वीस पडले तर मांजरासारखा चढला, एक पडला तर धाडकन खाली, आणि गोष्ट तिथून भलतीकडेच वळते. पैसे नाहीत. एकाने जिंकायचं आणि दुसऱ्याने हरायचं हेही नाही. रात्रभर कीर्तन ऐकलेल्या, पोरांना वाढवताना रोज नवी गोष्ट रचलेल्या बाईला हे तुम्ही पाच मिनिटांत सांगू शकता.

सांगूही नका, दाखवा. एक शनिवार वरच्या खोलीऐवजी हॉलमध्ये खेळा, संध्याकाळी सातला, सगळे जागे असताना. मित्रांना सांगा की त्या दिवशी रक्तपात जरा कमी. फासे आईच्या हातात द्या. त्या वीस बाजूंच्या फाशावरचे आकडे तिने चष्मा लावून बघितले, की अर्धी शंका तिथेच संपेल. राहिलेली अर्धी, मित्र ताटं उचलून स्वयंपाकघरात ठेवतात की नाही यावर अवलंबून आहे. शनिवारी रात्री चार जणांचा चहा, दोनदा तर्री-पोहे आणि सकाळी सिंकमधली भांडी कोण बघतं, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाही. आईचा राग जुगाराचा आहे की भांड्यांचा, हे एकदा तपासून बघा.

बाबा काही बोलत नाहीत, हे तुम्ही नाराजीच्या यादीत घातलंय. मी ते तिथून काढते. त्यांच्या ट्रंकेत वेताळाचे अंक सापडले ना? ते ज्यात निघायचे ती इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये थांबली. तुमच्या हातात ते अंक पडेपर्यंत किती घरं बदलली, किती दिवाळ्यांची रद्दी निघाली, आणि तरी ते ट्रंकेत राहिले. ते कुणी जपले? बाबांना जाऊन एवढंच विचारा, की हे तुम्ही कुठून आणि कितीला घ्यायचे. मग मध्ये बोलू नका.

तुमच्यासारख्या इतरांसाठी इथे थोडं थांबते, कारण हा प्रश्न एकट्या त्रिमूर्तीनगरातला नाही. कुणी लेगोची शहरं रचतं, कुणी कोरियन गायकांची फोटोकार्डं जमवतं, कुणी कॉस्प्लेसाठी, म्हणजे आवडत्या पात्रासारखा वेश करायला, फोमचं चिलखत शिवतं, आणि सगळ्यांना घरी एकच प्रश्न येतो: याचा उपयोग काय? यावर बहुतेक जण घाबरून उपयोग शोधायला लागतात. एकाग्रता वाढते, इंग्रजी सुधारतं, हाताला वळण लागतं. असं करू नका. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, आणि तासन् तास पटासमोर बसण्याचं शहराने मनापासून कौतुक केलं. पण पटासमोर बसणाऱ्या शेकडो पोरांना कधीच चषक मिळणार नाही, आणि त्यांचं बसणं वाया गेलेलं नसतं. आवडतं म्हणून करतो, एवढं कारण मोठ्या माणसालाही पुरतं. उपयोगाच्या नावाखाली विकलेली आवड, उपयोग दिसला नाही की घरचे परत मागतात.

आता शोकेसची जागा. इथे मी आईच्या बाजूची आहे, पण माझं कारण वेगळं आहे. पश्चिमेची खिडकी आणि त्यातच कूलर, म्हणजे तुम्ही मॉडेलांसाठी घरातली सगळ्यात वाईट जागा निवडली आहे. पांढरे भाग पिवळे पडतात ते मुख्यतः उन्हातल्या अतिनील किरणांनी, आणि काच ते पूर्ण अडवत नाही. कूलरची ओल मॉडेलला फारशी बाधत नाही, पण कॉमिक्सच्या कागदाची माती करते आणि कसरीला आमंत्रण देते. सगळं वरच्या खोलीत, उन्हापासून लांब, आतल्या भिंतीला लागून ठेवा. कॉमिक्स जमिनीला टेकलेल्या खालच्या कप्प्यात नकोत. एकेक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत घाला, पीव्हीसीच्या नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात उतरतो. आणि कपाटात डांबराच्या गोळ्या टाकू नका. आईने कपड्यांबरोबर प्रेमाने टाकल्या तरी काढून घ्या, त्यांची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते आणि मॉडेलांचं प्लास्टिक बहुतेक तेच असतं.

शेवटचा टॉपकोटचा, म्हणजे वरच्या संरक्षक लेपाचा, फवारा आपल्या हवेत कधी मारावा, हा प्रश्न तुम्ही पत्राच्या तळाशी लाजत लाजत विचारलाय. लाजू नका, चांगला प्रश्न आहे. पावसाळ्यात नको, ओलसर हवेत त्यावर दुधी झाक येते. कूलर चालू असलेल्या खोलीत नको, तेच होतं. मे महिन्याच्या भर दुपारी पारा ४५च्या घरात असताना नको, फवारा हवेतच सुकून मॉडेल खरखरीत होतं. दिवाळीनंतरच्या कोरड्या सकाळी, गच्चीवर, मास्क लावून. आणि डिक्कीतली लपवाछपवी थांबवायचं हे एक तांत्रिक कारण: उन्हात उभ्या गाडीच्या बंद डिक्कीत पातळ भाग वाकू शकतात.

एवढं हलवलं की हॉलची शोकेस रिकामी होईल. पूर्ण रिकामी करू नका. तुमचं सगळ्यात नीट झालेलं एक मॉडेल आणि मुलीचं एक, अशी दोन तिथे राहू द्या, बैलाच्या खालच्याच फळीवर. बाकी फळ्यांवर आईला हवं ते. हॉल सगळ्यांचा असतो, त्यात तुमचाही वाटा आहे, सगळा नाही. सध्या एक सोडून सगळ्या फळ्या तुमच्या आहेत, आणि त्या तुमच्या झाल्या तेव्हा कुणाला विचारलं होतं, हे पत्रात दिसत नाही.

हे सगळं पाहुणे येण्याच्या बरंच आधी करा. आदल्या रात्री केलं तर ते लपवणंच होईल, तुम्हालाही तसंच वाटेल आणि मुलीलाही.

लपवायचं का, याचं उत्तर त्यातच आलं: नाही. येणारी मुलगी या घरात राहायला येऊ शकते. तिला घर जसं आहे तसं दिसू दे. तिच्याही पेटीत काही असेल, ते आणावं की नाही हे ती याच भेटीत ठरवणार आहे. कुणी विचारलं तर "हो, माझी आहेत, मीच जोडतो" एवढं पुरे. कुणी पुन्हा विचारलं तरच पुढे बोला. पोहे थंड होईपर्यंत कोणता रोबो कोणत्या युद्धात होता हे सांगत बसू नका.

ठणकावून सांगायचं का, याचंही उत्तर नाही असंच आहे, आणि त्याला कारण तुमचा भाऊ. इतक्या मोठ्या पत्रात तो काय म्हणतो याची एक ओळ नाही. दिवस त्याचा आहे. आई लोकांची काळजी करते, तुम्ही स्वाभिमानाची. त्याला काय हवंय हे दोघांपैकी कुणी विचारलं का? त्याला बाजूला घेऊन विचारा. तो म्हणाला की दादा, राहू दे, मला अभिमान आहे, तर आईशी तोच बोलेल आणि तुमच्यापेक्षा बरं बोलेल. तो म्हणाला की त्या दिवशी वरच राहू देत सगळी, तर ती दोन मॉडेलंही वर न्या. भावाने मागितलं म्हणून एका संध्याकाळपुरतं दिलं, यात तुमचं काही कमी होत नाही.

विकायचं का? जोडलेलं काहीही रागात विकू नका. वेताळाचे अंक तर तुमचे एकट्याचे नाहीतच, ते बाबांना विचारल्याशिवाय हलवायचे नाहीत. पण दिवाणातल्या वीस खोक्यांबद्दल मला बोलायचं आहे. जोडणं हा नाद आहे. विकत घेणं हे वेगळं काम आहे. दोन्हींत मजा असते, म्हणून ती एकच वाटतात. ऑफिसातला दिवस वाईट गेला की तुम्ही फोनवर ऑर्डर टाकता, असं तुम्हीच लिहिलंय. तो क्षण पार्सल येईपर्यंत टिकतो, पुढे खोकं दिवाणात जातं. सगळी खोकी बाहेर काढून रांगेत मांडा. जी बघून आजही हात शिवशिवतात ती ठेवा. बाकीची न उघडलेली आहेत तोवर हा नाद असलेल्या दुसऱ्या कुणाला द्या, पैसे बऱ्यापैकी परत येतील. आणि एक जोडून झाल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही.

त्या आधी मात्र बायकोशी बोलायचं आहे. ती तुम्हाला हसत नाही, अडवत नाही, सासूसमोर तुमची बाजू घेते असंही तुम्ही लिहिलंय, आणि खोटा आकडा नेमका तिलाच सांगितला जातो. तुम्ही दिवसभर हिशेब बघणारे. घरातल्या एका माणसाला सतत अर्धी किंमत सांगून चालवलेला हिशेब ऑफिसात तुमच्यासमोर आला असता, तर तुम्ही त्यावर सही केली नसती. आई चिडली आहे ती तिला जे दिसतं त्यावर. बायकोला जे दिसत नाही ते उद्या दिसलं, तर तो राग रोबोंवरचा नसेल, आणि कुठल्याही शोकेसची जागा बदलून तो जाणार नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी बायकोला खरा आकडा, दिवाणाचं झाकण उघडून, एकेका खोक्याच्या किमतीसकट. ती रागावेल, रागावू द्या. मध्येच "पण हे लिमिटेड एडिशन होतं" म्हणू नका. मग दोघांनी मिळून महिन्याची एक रक्कम ठरवा, आणि तेवढीच रक्कम तिच्याही मनासारख्या खर्चाला, ज्याचा हिशेब तुम्ही मागायचा नाही. पुढचं पार्सल घरच्या पत्त्यावर मागवा. ते मुलीला उघडू द्या. भावाशी उद्या बोला, बाबांशी रविवारी, आणि येत्या शनिवारी मित्रांना सातला बोलवा.